लाकडी जमिनीवरचं लग्न

एल्बासान, ११ फेब्रुवारी २०१८

प्रिय आत्या,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते. आधी बातमी, मग प्रश्न.

मी लग्न करतेय. उभी असशील तर बसून घे. नवऱ्याचं नाव बुयार. पन्नाशीला टेकलाय, केस गेलेत, क्लॅरिनेट वाजवतो. गावात ज्यांची म्हणून लग्नं झाली त्या सगळ्यांत तो वाजवून आलाय आणि स्वतःचं तेवढं राहून गेलं होतं. ऑफिसातल्या बायका म्हणतात, त्रेचाळिसाव्या वर्षी हिला कसली घाई झाली. मी त्यांना सांगितलं, क्लॅरिनेटवाल्याची एप्रिलमधली तारीख एरवी मिळत नाही, मिळाली तेव्हा घेतली. २९ एप्रिल, रविवार. ईस्टर होऊन गेलेला असेल.

आता प्रश्न. तो विचारायला मी इतके दिवस लावले, म्हणून बातमीही उशिरा कळवतेय.

बुयारचं म्हणणं, लग्न संस्कृतिभवनात करू. तुला ठाऊक नसेल, गेल्या वर्षापासून नगरपालिका त्याची दुरुस्ती करतेय. खुर्च्या काढून नेल्यात, मोठा हॉल रिकामा आहे, आणि कर्मचारी म्हणून मला तो मिळतो. पण मी तिथली नुसती कर्मचारी नाही. शाळांच्या सहली येतात तेव्हा त्यांना भवन दाखवायचं काम माझं आहे. दाराशी जो फलक लावलाय त्यावरचा मजकूर मी लिहिला: अल्बानियातल्या हुकूमशाहीच्या काळात या रंगमंचावर, भरल्या सभागृहासमोर, खटले चालवले जात. आरोपींत सोतिर काकांचं नाव तिथे आहे. मुलांना मी हळू बोलायला सांगते. परवा एका मुलीने विचारलं, बाई, हळू कुणासाठी?

सोमवारी जिथे मुलांना गप्प करायचं तिथेच रविवारी नाचायचं, हे बरं दिसेल का? बुयार म्हणतो, त्या भिंतींनी फार दुःख पाहिलंय, आता थोडं सुख पाहू दे. बोलायला छान वाटतं, पण त्याच्या घरातलं कुणी तिथे उभं राहिलेलं नव्हतं. तुझा नवरा तिथे उभा होता, बोलायचा हक्क तुझा आहे. तू नको म्हणालीस तर नको, आणि कारण विचारणार नाही.

दुसरं असं, की आपल्याकडचा पहिला नाच, रुमाल घेऊन रांगेच्या पुढे, रक्ताच्या माणसाने धरायचा असतो. बाबा नाहीत, आई नाही. उरलीस तू. सोतिर काका गेल्यापासून तू कुणाच्याच लग्नात नाचलेली नाहीस हे मला माहीत आहे. तरी विचारते.

तुझी,
एतलेवा


कोर्चा, २० फेब्रुवारी

एतलेवा पोरी,

पत्र मिळालं. फार आनंद झाला. जागा चांगली आहे. लग्न तिथेच कर. मी येईन आणि नाच धरेन. माझी तब्येत उत्तम आहे. इथली हवा चांगली आहे. मला कशाचीही गरज नाही. बुयारला आशीर्वाद.

आत्या


एल्बासान, २ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी वाचलं, पुन्हा वाचलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बसले. समजलं मला. विचारायलाच नको होतं.

शाळेतली अक्षरं कळायच्या आधी मी तुझी पत्रं वाचायला शिकले. काका तुरुंगात आणि तू लुश्न्याच्या दलदलीत, हद्दपार. तुझं पत्र सरकारी माणसांनी आधीच फोडलेल्या पाकिटातून यायचं. बाबा ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचायचे. ‘हवा चांगली आहे’ आलं की म्हणायचे, गुडघाभर चिखल दिसतोय. ‘तब्येत उत्तम’ म्हणजे गोळ्या पाठवा. ‘कशाचीही गरज नाही’ ऐकलं की आई लोकरीचे मोजे विणायला घ्यायची. एकदा ‘सोतिर मजेत आहे’ असं आलं, तेव्हा बाबा उठून बाहेर गेले आणि जेवायला परत आलेच नाहीत.

या पत्रात ती सगळी वाक्यं एकाखाली एक आहेत. बुयारला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, अगं, हो म्हणतेय की ती. त्याला काय कळणार. त्याच्या घरी कधी असली पत्रं आली नाहीत.

हॉल मी सोडला. नदीकाठच्या एका हॉटेलात जागा घेतलीय. दारात प्लास्टरचे हंस आहेत, मधे कारंजं आहे, ते रंग बदलतं. तिथे कधी काहीच घडलेलं नाही. गेल्या वर्षीच बांधलंय.

मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. मला नाही म्हणायलाही तुला अजून ती जुनीच वाक्यं वापरावी लागली. निदान मला तरी तुला सरळ लिहिता यायला हवं होतं. तसा भरवसा वाटावा असं मी कधी काही केलं नसेन.

नाचाचा आग्रह नाही. तू नुसती येऊन बसलीस तरी पुरे.

एतलेवा


कोर्चा, ९ मार्च

अगं शहाणे,

कॉलेजात तुला हेच शिकवलं का? जागा चांगली आहे असं मी लिहिलं, कारण जागा चांगली आहे. कोर्चाची हवा साऱ्या देशात चांगली आहे, लोक इथे खास श्वास घ्यायला येतात. माझी तब्येत उत्तम आहे, उजवा गुडघा सोडून. आणि गरज मला खरंच कशाची नाही, तुझी आई इतके विणून गेली की मोज्यांचीसुद्धा नाही. पत्र छोटं झालं, कारण निखाऱ्यांखाली कांदा भरलेला लाकरोर भाजायला ठेवला होता आणि पोस्टमन दारात उभा होता. तरी कांदा करपलाच.

तुझं पत्र शेजारच्या मार्गरिताला वाचून दाखवलं. ती हसून हसून रडली. मग मी रडले, पण हसून नाही. म्हणजे तू इतकीशी असताना आम्ही तुला हे शिकवून ठेवलं. ‘उत्तम’ म्हटलं की घाबरायचं. तुझा दोष नाही त्यात. पण आता ऐकून ठेव. फोन असताना मी पत्रं लिहिते ती काही कान गेले म्हणून नाही. माझं पाकीट आता सगळ्यांच्या आधी मी फोडते, ही मजा सोडवत नाही. या पाकिटात मी जे लिहीन ते तसंच असेल. हो म्हणजे हो.

आता जागेचं. तू फलक लिहिलास, शिकलेली आहेस, पण तिथली एक गोष्ट तुला माहीत नाही. ती कुणालाच माहीत नाही, कारण सोतिरने ती माझ्याशिवाय कुणाला सांगितली नव्हती.

भवन बांधलं तेव्हा तो तिथे इंजिनियर होता. वरून हुकूम होता: सभांसाठी हॉल, भाषणं ऐकायला लोक बसतील, खुर्च्या जमिनीत ठोकून टाका. सोतिर तेव्हा तरुण होता आणि नाचवेडा होता. त्याने ओकच्या फळ्यांखाली आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी घातली आणि जाळीखाली बुचाच्या चकत्या. वरच्यांनी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, ओल येऊ नये म्हणून. ओल कसली डोंबलाची. नाचाचा हॉल बांधला होता त्याने. पाय टाकला की तसली जमीन पाय परत वर देते. म्हणाला, आज ना उद्या ही भाषणं संपतील, खुर्च्या निघतील, तेव्हा लोकांना नाचायला काहीतरी नको का?

खुर्च्या यायच्या आधी एका संध्याकाळी त्याने मला तिथे नेलं. संगीत नव्हतं, तोच तोंडाने वाजवत होता, तेही बेसूर. आम्ही नाचलो. तुम्ही म्हणता तिथे दुःखच झालं. माझ्यासाठी पहिल्यांदा तिथे हे झालं.

पुढे त्याला पकडलं तेव्हा आरोपांत जिना होता, खिडक्या होत्या, छताचा रंग होता. सगळं म्हणे परकं वळण. जमिनीबद्दल एक अक्षर नाही. त्यांना कळलंच नाही. सुटून घरी आल्यावर त्याला या एका गोष्टीचं फार हसू यायचं.

आम्हा दोघांना सोडलं तर त्या जमिनीवर आजवर कुणी नाचलेलं नाही. बांधणारा गेला. माझे पाय आहेत तोवर तिच्यावर एकदा तरी नाच व्हावा, एवढंच मला हवंय. आणि तू मला हंस दाखवतेस.

हॉल परत घे.

आत्या


एल्बासान, २६ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी हॉल परत मागायला धावले. तो गेला होता. २९ एप्रिलला जिल्ह्यातल्या मधपाळांचा मेळावा आणि मधाचं प्रदर्शन.

मधपाळांचे अध्यक्ष रुझ्दी म्हणून आहेत, टोपी कधीच काढत नाहीत. त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. ते कॉफी ढवळत बसले. मग म्हणाले, “बाई, तारीख मी बदलली असती, पण बाभूळ फुलायला लागली की माझा एकही माणूस गावात सापडणार नाही. मधमाश्या थांबत नाहीत.”

मी म्हणाले, “माझी आत्या पुष्कळ थांबलीय.”

तेवढ्याने काही झालं नसतं. पण मी जमिनीचं सांगितलं, बुचाच्या चकत्यांचं सुद्धा, तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या वडिलांनी त्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं भाषणं ऐकली होती आणि घरी येऊन म्हणायचे, भाषण भिकार होतं, पण तिथे पाय दुखत नाहीत. का दुखत नाहीत ते रुझ्दींना परवा कळलं. ठरलं असं: मध बाहेरच्या दालनात, लग्न हॉलमध्ये, आणि मधपाळांनी दुपारनंतर लग्नात यायचं. किती असतील विचारलं तर म्हणाले, आम्ही मोजत नाही, पोळंच म्हणतो.

मग हॉल पाहायला गेले. इतकी वर्षं मी त्या हॉलमध्ये भिंतींकडे आणि रंगमंचाकडे बोट दाखवत फिरतेय, खाली कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी दिसलं नसतं. मधे हॉल बिंगोच्या खेळाला भाड्याने दिला होता, त्या बिंगोवाल्यांनी खुर्च्या उचलून करडं लिनोलियम चिकटवलेलं आणि खुर्च्या पुन्हा ठोकलेल्या. आमचे साहेब आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, कंत्राटदार ते काढायला उन्हाळा उजाडवणार आहे, तुम्ही काढत असाल तर मी रजेवर आहे असं समजा. बुयारने बँडवाल्यांना बोलावलं. ढोलकवाला, अ‍ॅकॉर्डियनवाला, सगळे गुडघ्यांवर बसून सुऱ्यांनी खरवडत होते आणि एकमेकांच्या सुरांची उणीदुणी काढत होते. खालून ओक निघाला. मधासारखा रंग. खुर्च्यांच्या खिळ्यांची भोकं आम्ही लाकडाच्या भुशाने बुजवली.

सगळे जेवायला गेल्यावर मी बूट काढले आणि एक उडी मारली. आत्या, त्या जमिनीने मला वर ढकललं. हलकंच, कुणी मूल उचलतं तसं. मी आणखी काही उड्या मारल्या. मग लाज वाटून बूट घातले. मग पुन्हा काढले.

तेव्हापासून फलकाचा विचार करतेय. मी त्यावर खोटं काही लिहिलेलं नाही. पण सोतिर काकांचं नाव मी तिथे फक्त आरोपी म्हणून लिहिलं, आणि त्यांनी बांधलेल्या जमिनीवर उभं राहून ते मुलांना वाचून दाखवत राहिले. साहेबांकडे दुरुस्तीचा मसुदा दिलाय. तुला पाठवते. सरळ सांग कसा झालाय. ‘उत्तम’ लिहिलंस तर या वेळी मी विश्वास ठेवीन.

एतलेवा


कोर्चा, १४ एप्रिल

एतलेवा पोरी,

मसुदा उत्तम नाही. लांबलाय. ‘आणि ही जमीन नाचासाठी बांधली’ एवढं पुरे, बाकी सगळं काढ.

लग्नाआधीच्या शुक्रवारी सकाळच्या व्हॅनने येते. गाडी पाठवू नकोस, व्हॅनवाला स्पिरो मला पुढे बसवतो. बरोबर लाकरोर आणतेय. न करपलेला.

एक गोष्ट सांगून ठेवते. खटल्याच्या दिवसानंतर मी त्या दारातून आत गेलेली नाही. तिथे पाय अडला तर मला धरून ओढू नका. जरा थांबा, माझी मी येईन. आणि नाहीच आले तर नाच मार्गरिताला धरू दे, ती येतेय बरोबर. तिचं तुझ्याशी रक्ताचं काही नाही, पण नाचते बरी.

काळे कपडे सोडून दुसरं काही माझ्याकडे नाही, तेव्हा तेच.

आत्या


कोर्चा, ४ मे

एतलेवा पोरी,

सुखरूप पोचले. गुडघा सुजलाय आणि मी खुशीत आहे, दोन्ही खरं आहे.

तू त्रेचाळीस वर्षांची असून नव्या नवरीसारखी दिवसभर मान खाली घालून उभी राहिलीस. मी सांगितलं होतं, आजकाल कुणी तसं उभं राहत नाही, तर म्हणालीस की करायचं तर रीतीने करू. तुझा बाप असाच होता. पण त्यामुळे तू स्वतःचं लग्न पाहिलेलंच नाहीस. बुयार सांगेल त्यावर विसंबू नकोस, तो जागेवर होताच कुठे. तुझ्या शेजारची खुर्ची किती वेळ रिकामी होती हे तुला त्याचे बूट दिसले नाहीत त्यावरून कळलं असेल. त्याच्या जागी वाजवायला आणलेल्या पोराचा सूर चुकला, तेव्हा नवरदेवाने उठून त्याच्या हातातून क्लॅरिनेट घेतलं. त्याच्या आईने कपाळावर हात मारला. रुझ्दी मला म्हणाले, “लग्न कुणाचंय तेवढं सांगा, म्हणजे अभिनंदन कुणाचं करायचं ते कळेल.” मी म्हटलं, तुमच्या टोपीचं करा.

आता मुख्य. तू हे तुझ्या कामासाठी वापरलंस तरी चालेल.

दाराशी मी थांबले ते तुला ठाऊक आहे, तू कोपराला हात न लावता शेजारी उभी राहिलीस, चांगलं केलंस. आत आले ते मधाच्या वासामुळे. खटल्याच्या दिवशी तिथे ओल्या कोटांचा आणि तंबाखूचा वास होता. हे दुसरंच काहीतरी होतं, म्हणून गेले.

मग गाणाऱ्याने पुकारलं: वधूपक्षाचा पहिला नाच, पोलिक्सेनी आत्या. मी रुमाल धरला, माझ्यामागे मार्गरिता, तिच्यामागे तुझ्या ऑफिसातल्या बायका. सुरुवात हळू होती, छान चाललं होतं. जमीन पाय परत देत होती. मग चाल वाढली, मधपाळ रांगेत घुसले, आणि सगळे एकदम पाय आपटायला लागले. तिथे मी थांबले. सगळी रांग माझ्यामागे अडखळली. लोकांना वाटलं म्हातारी दमली. कुणी खुर्ची आणायला धावलं.

मी दमले नव्हते. खटल्याच्या दिवशीही त्या हॉलमध्ये सगळ्यांनी पाय आपटले होते. कारखान्यांतून भरून आणलेली माणसं, त्यांना सांगितलेलंच होतं कधी आपटायचे ते. मला मधल्या रांगेत बसवलं होतं. शिक्षा वाचली आणि ते सुरू झालं, आणि एवढ्या पायांखाली ती जमीन हलायला लागली. ठोकलेल्या खुर्च्यांसकट मी वर-खाली होत होते. न्यायाधीश रंगमंचावर होते आणि सोतिर खाली, याच जमिनीवर उभा होता. त्याने खाली पाहिलं. मग त्या गर्दीत मला शोधून काढलं आणि भुवया उंचावल्या. बाकी कुणाला कळलं नाही. मला कळलं. शिक्षा ऐकायला उभा केलेला माणूस आपलं काम तपासत होता, आणि ते पास झालं होतं.

हे मी तुझ्या बापालाही सांगितलं नव्हतं. सांगते कशी? त्या दिवशी मला हसू आलं होतं. तो आत जात होता, आणि ओठ चावून मी हसू दाबत होते. कित्येक वर्षं मला वाटायचं, मी कसली बायको.

तर मी तशीच उभी होते. बुयारने क्लॅरिनेट तोंडातून काढलं नाही, पण चाल मोडली आणि एकच सूर लांबवत धरून ठेवला, पाय वर घेतलेल्या माणसाची वाट पाहावी तसा. तेवढ्यासाठी त्याला खुर्ची सोडल्याबद्दल माफ केलं. सगळे पाय थांबले होते. जमीन मात्र अजून थरथरत होती, तुला तुझ्या बुटांखाली कळलं असेल. मग मी हसले. मोठ्याने, तोंड उघडून. मार्गरिता म्हणते, नाटकवालीसारखी. हसले आणि रुमाल वर केला आणि पुढचा पाय मी आपटला, गुडघा दुखतो त्याच पायाने, आणि माझ्यामागे त्या सगळ्यांनी. छतावरची धूळ खाली आली. तुमच्या साहेबांनी चेहऱ्यावर हात घेतला, आणि मग तेही रांगेत शिरले.

तू तेवढी तिथे बुटांकडे बघत उभी. फार चांगली दिसत होतीस, ते सोड. पण पुन्हा कधी लग्न केलंस तर मान वर ठेवून कर.

तुझी,
पोलिक्सेनी आत्या